पुंगळी कापायची कशाने?

(दृश्य : व्हर्नियरच्या जबड्यात .३०८ विंचेस्टर या रायफलच्या काडतुसाची रिकामी पुंगळी, म्हणजे पितळी कवच. आकडा २.०१९ इंच.)

ही पुंगळी चार थाऊ, म्हणजे इंचाचे चार हजारांश, जास्त लांब आहे. .३०८ विंचेस्टरला कमाल लांबी २.०१५ इंच, आणि कापायची ती २.००५ वर. बार उडाला की पितळ मानेकडे, म्हणजे गोळी धरणाऱ्या अरुंद टोकाकडे, सरकतं. पुंगळी पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यातून, म्हणजे साइझिंग डायमधून, काढलं की आणखी थोडं. मान वाढत वाढत चेंबर (बंदुकीत काडतूस बसतं ती पोकळी) जिथे अरुंद होतं तिथे पोचली, तर तोंड गोळीवर आवळलं जातं. गोळी सहज सुटत नाही आणि दाब धोक्याच्या हद्दीत जातो.

अमेरिकेत घरी काडतुसं भरणं हा सर्रास चालणारा छंद. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं बनवता येत नाहीत, तेव्हा ही चर्चा तिकडच्या वर्कबेंचवरची.

क्रम ठरलेला आहे. पुंगळी आधी डायमधून काढा, वंगण पुसा, मग मोजा आणि मगच कापा. डायच्या आधी घेतलेलं माप कामाचं नाही.

ट्रिमर, म्हणजे पुंगळी कापायचं साधन, घेताना किंमत नंतर बघा. आधी बघा, तो माप कुठून धरतो : बुडापासून की खांद्यापासून, म्हणजे मानेखालच्या उतारापासून?

ली कंपनीचा हातकटर सगळ्यात स्वस्त. त्याची पिन बुडाच्या फ्लॅश होलमधून (ठिणगी आत जायचं छिद्र) आरपार जाऊन लॉक स्टडवर (बूड धरणारा तुकडा) टेकते, की कापणं आपोआप थांबतं. माप पिनच्या लांबीतच असल्यामुळे बिघडायला फारसं काही नाही. पण प्रत्येक काडतुसाला वेगळी पिन लागते आणि प्रायमर (ठिणगी पाडणारी बुडाची टोपी) आधी काढावाच लागतो. लॉक स्टड ड्रिलला लावला तर शंभरेक पुंगळ्या आरामात होतात. हजार करायच्या असतील तर बोटं तक्रार करतात.

लायमन, फॉर्स्टर, आरसीबीएस यांचे ट्रिमर छोट्या लेथसारखे. मानेत शिरणारा दांडा, म्हणजे पायलट, बदलला की दुसरं काडतूस. गोम आहे बुडाच्या पकडीत. रिम (बुडाची कडा) ठोकरलेली असेल किंवा पकडीत पितळेचा कीस अडकला असेल, तर पुंगळी पुढे-मागे बसते आणि दोन-तीन थाऊंचा फरक पडतो. विल्सनच्या ट्रिमरमध्ये रिम पकडतच नाहीत. पुंगळी निमुळत्या होल्डरमध्ये हलकेच ठोकून बसवतात, म्हणून तोंड काटकोनात कापलं जातं. काम सावकाश, पण अचूकतेसाठी आमची पसंती यालाच.

.२२३ रेमिंग्टन या रायफलच्या काडतुसाच्या पुंगळ्या शेकड्यांनी येतात. तिथे ड्रिलवर चालणारा, खांद्यावर माप धरणारा डब्ल्यूएफटीसारखा ट्रिमर घ्या. एका पुंगळीला काही सेकंद पुरतात. मात्र डायने खांदा तीन थाऊ पुढे ठेवला, तर एकूण लांबीही तीन थाऊंनी वाढते. दोष डायचा, आणि बोल लागतो ट्रिमरला. कापताना जोर लावू नका. आवाज थांबला की पुंगळी बाहेर. रेटलं तर तोंडावर लाटा उठतात.

(दृश्य : कापलेलं तोंड, अगदी जवळून.)

चकचकीत कडी पूर्ण गोल दिसायला हवी. अर्धीच चमकत असेल, तर तोंड अजून सपाट झालेलं नाही. आत-बाहेर बर, म्हणजे कापल्यावरची खरखरीत कड, राहते, ती गोळीचं जॅकेट (बाहेरचं धातूचं आवरण) खरवडते. कड मोडणाऱ्या चॅम्फर टूलचे एक-दोन हलके फेरे पुरे. कडेला सुरीसारखी धार आणू नका. थ्री-वे कटर हे सगळं एकाच दमात करतो, फक्त जुळवताना वेळ खातो.

९ मिलिमीटरच्या पिस्तुली काडतुसासाठी ट्रिमर घेऊच नका. त्या पुंगळीचा चेंबरमधला टेका तोंडावरच असतो आणि ती सहसा वाढत नाही.

एक तपासणी ट्रिमर करू शकत नाही. मानेतून कापलेलं पितळ शेवटी अंगातूनच आलेलं असतं, म्हणजे तिथली भिंत पातळ होत जाते. पेपरक्लिपचं टोक वाकवून आत घाला आणि बुडाच्या जरा वर भिंतीवरून फिरवा. टोक खाचेत अडकलं, किंवा बाहेरून तिथे उजळ कडं दिसलं, तर पुंगळी पक्कडीने चेपा आणि भंगारात टाका. लांबी कितीही बरोबर असली तरी.