हिला ऑटो चालत नाही

(दृश्य : मे महिना, पहाटेचे साडेपाच. संत्र्याची बाग. मागे टिनाच्या छपराची खोली, खिडकीत उजेड.)

वरूड तालुक्यातल्या आमच्या गावात मे महिन्यात पहाटे साडेपाचला कामाला लागायला दोन कारणं पुरतात. कृषी फीडरला त्या आठवड्यात रात्रीची लाईन असली तर बागेचं पाणी आटोपायचं असतं. आणि टिनाखालच्या या खोलीत पारा तिशीच्या खाली असतो तो याच वेळी. मला दोन्ही कारणं लागू.

खोली पूर्वी ढेपेची. पाऊस पडला की अजून सरकीचा वास येतो. आता भिंतीलगत टेबल आहे. टेबलावर जुना स्कोप (व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारा), सोल्डरिंग आयर्न आणि मधोमध हातभर लांब स्टीलची नळी. नळीच्या पोटात चार सळ्या, पेन्सिलीएवढ्या लांब, एकमेकींना अगदी समांतर. मास स्पेक्ट्रोमीटरचा गाभा तो हा.

नळी आली एका कॉलेजच्या भंगारातून. एका पावसाळ्यात जवळ वीज पडली आणि तिचा कंट्रोल बॉक्स जळाला. बनवणाऱ्यांनी त्या मॉडेलचे पार्ट केव्हाच बंद केलेले. सळ्या शाबूत, डोकं गेलेलं. तिथल्या सरांनी विचारलं, "डोकं बनवून द्याल का?" मी हो म्हणून बसलो. चार महिन्यांचं काम वाटलं होतं. हा दुसरा उन्हाळा.

(दृश्य : चार सळ्या, समोरून. मधली रिकामी जागा.)

हे यंत्र वायूतल्या रेणूंचं वजन करतं. तापलेल्या तारेतून निघालेले इलेक्ट्रॉन रेणूवर आदळतात, रेणूचा एखादा इलेक्ट्रॉन उडतो, रेणू आयन होतो. कधी फुटून त्याचे तुकडे होतात, तेही आयनच. हे आयन चार सळ्यांच्या मधल्या जागेत सोडायचे. समोरासमोरच्या सळ्या जोडीनं बांधलेल्या. एका जोडीला जेवढं धन व्होल्टेज, दुसरीला तेवढंच ऋण. हे स्थिर, म्हणजे डीसी. त्यावर स्वार एक आरएफ व्होल्टेज, सेकंदाला वीस लाख वेळा उलटसुलट होणारं. आयन डोलत डोलत पुढे जातो. ठरावीक वजनाचाच आयन तोल सांभाळून पलीकडे पोचतो. बाकीचे सळ्यांवर आपटतात. व्होल्टेज वाढवत न्यायचं, म्हणजे एकेक वजनाला पाळीपाळीनं वाट मिळते.

जर्मनीत बॉन विद्यापीठात वोल्फगांग पॉल आणि हेल्मुट श्टाइनवेडेल यांनी ही युक्ती १९५३ मध्ये मांडली. पॉल यांना १९८९ चं भौतिकीचं नोबेल मिळालं, ते आयन असे विजेच्या क्षेत्रात धरून ठेवण्याच्या कामासाठी. गणित मात्र आणखी जुनं. फ्रान्सच्या एमिल मात्यू यांनी १८६८ मध्ये लंबगोल ढोलाचं कातडं कसं थरथरतं याचं समीकरण लिहिलं होतं. तेच इथे कामी आलं.

अशीच चार सळ्यांची यंत्रं आपण अंतराळात पाठवली आहेत. १४ नोव्हेंबर २००८ ला चांद्रयान-१ मधून सुटून चंद्रावर आदळलेल्या मून इम्पॅक्ट प्रोबवर 'चेस' होतं. मंगळयानावर 'मेन्का' होतं, १ ते ३०० वजनापर्यंत मोजणारं (हायड्रोजनचा अणू म्हणजे साधारण १). ती बनली त्या खोल्यांना टिनाचं छप्पर नसणार, एवढं मी पैजेवर सांगतो.

(दृश्य : वहीचं पान. पेन्सिलीनं काढलेला त्रिकोण, टोकाशी एक टिंब.)

माझ्या नळीत सळ्यांच्या मधल्या जागेची त्रिज्या ४ मिलिमीटर. फ्रिक्वेन्सी २ मेगाहर्ट्झ. एवढं ठरलं की बाकी सगळं ठरलं. १०० वजनाच्या आयनाला आरएफ सुमारे ४६० व्होल्ट आणि डीसी सुमारे ७७. वजन दुप्पट, तर दोन्ही दुप्पट.

खरी गोम या दोघांच्या गुणोत्तरात आहे. डीसी भागिले आरएफ ०.१६७८ च्या वर गेलं की काहीच पार होत नाही. फार खाली राहिलं तर शेजारपाजारची वजनं एकत्र घुसतात, आणि २८ कुठे संपला, २९ कुठे सुरू झाला, कळत नाही. म्हणून वहीतल्या त्रिकोणाच्या टोकाच्या, म्हणजे या हद्दीच्या, जरासं खाली चालायचं. १०० च्या वजनाला एका एककाची नीट फोड हवी तर गुणोत्तर ०.१६६६. वावराच्या टोकाला दोन धुरे मिळतात तिथे, अगदी कडेवर, पाय ठेवल्यासारखं. एक पाऊल पुढे की दुसऱ्याच्या वावरात.

कंट्रोल इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे ढोबळमानानं एवढंच: दोन व्होल्टेज एका साखळीत बांधून वर न्यायची आणि साखळी ढिली पडू द्यायची नाही.

(दृश्य : कॉइल. हात तांब्याची तार गुंडाळताना.)

४६० व्होल्टचा आरएफ थेट ट्रान्झिस्टरमधून काढणं परवडत नाही. म्हणून झोका. सळ्या आणि वायरिंग मिळून एक कॅपॅसिटर होतो, विजेचा छोटा साठा, शंभरेक पिकोफॅरडचा. त्यासोबत ६३ मायक्रोहेन्रीची कॉइल लावली की २ मेगाहर्ट्झला दोघांचा मेळ बसतो, आणि थोड्या ढकलण्यात व्होल्टेज वर चढतं. ४० मिलिमीटर जाडीच्या गजावर ५६ वेढे.

पहिली कॉइल मी बागेतल्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर गुंडाळली. फुकटची गोष्ट, म्हणून. दहा मिनिटांत पाइप तापून मऊ झाला, वेढे सरकले आणि मेळ सुटला. मग वरूडच्या लेथवाल्याकडून टेफ्लॉनचा गज कातून आणला. त्यानं पैसे घेतले नाहीत, पण हे कशाला पाहिजे ते तीन वेळा समजावून घेतलं.

कार्ड, म्हणजे सगळे पार्ट जोडलेली पाटी, तयार झालं की लगेच नळीला जोडायचं नसतं. आधी डमी लोड. सळ्यांच्या जागी १०० पिकोफॅरडचा मायका कॅपॅसिटर. एक हात खिशात, पायात रबरी चप्पल. बटण दाबलं आणि कॉइलपासून चार बोटांवर धरलेला टेस्टर कशालाही न टेकता पेटला. मोठेबाबा दारात उभे होते. म्हणाले, "बाबू, हे तं भुताटकी झाली."

भुताटकी पुढेच होती. व्होल्टेज किती आलं ते पाहायला स्कोपचा प्रोब लावला, तर निम्मं. प्रोब काढून टेस्टर धरला, तो तेवढाच लख्ख. प्रोबच्या अंगातच १२ पिकोफॅरड असतात. शंभराचे एकशे बारा झाले, मेळ पाच-साडेपाच टक्क्यांनी खाली सरकला आणि झोका मोडला. मोजायला गेलं की मोजायची गोष्टच बदलते. यावर उपाय म्हणजे मोजणारा कायमचा घरात ठेवायचा. कार्डावरच दोन कॅपॅसिटरचा विभाजक: वरचा इवलासा, खालचा मोठा. त्यातून आरएफचा हजारावा हिस्सा घ्यायचा, सरळ करायचा, हव्या त्या आकड्याशी ताडून पाहायचा आणि कमी पडलं तर जोर वाढवायचा. साखळीतली महत्त्वाची कडी ती हीच. तुटली तीही हीच.

(दृश्य : दुपार. टिनाचं छप्पर. भिंतीवरचा तापमापक ४३ वर.)

तपासायला पीएफटीबीए नावाचा द्रव वापरतात. त्याची थोडी वाफ आत सोडली की ६९, १०० आणि १३१ या वजनांना ठसठशीत शिखरं उमटतात. पहाटे तिन्ही जागच्या जागी. मी खूश होऊन आंघोळीला गेलो. दुपारी एकला पाहतो तर १३१ बेपत्ता. दोनला १०० गेलं. ६९ चिपाडासारखं बारीक. पाण्याचं १८ जागेवर होतं, तेही जरा पुढे सरकलेलं. रात्री नऊला सगळी मंडळी परत.

जड वजनं आधी का गेली? ही खूण धरूनच चोर सापडतो. समजा आरएफ एक टक्क्यानं घसरला आणि डीसी होता तिथेच राहिला. १०० च्या वजनाला ०.१६६६ चं ०.१६८३ होतं. ०.१६७८ ची हद्द ओलांडली, वाट बंद. हलक्या वजनांना मी टोकापासून लांब ठेवलेलं, त्यांना तेवढी सवड मिळते. म्हणजे घसरला आरएफ, आणि घसरला उन्हानं. पण कार्डावर दोनशेच्या वर पार्ट. त्यातला कोणता?

वहीच्या कागदाची पुंगळी केली. तिचं रुंद तोंड हेअर ड्रायरला, अरुंद तोंड एकेका पार्टवर. पुतणी आकडे वाचत होती. डायोड तापवले: आकडा जरासा हलला, परत आला. रेफरन्स, म्हणजे ठरलेलं व्होल्टेज देणारा पार्ट, तापवला: काही नाही. विभाजकातला खालचा कॅपॅसिटर, तिळाएवढा तपकिरी तुकडा. त्यावर पुंगळी नेली आणि पुतणी ओरडली, "काका, पळून राह्यलं ना!"

मी मागवला होता सी-झिरो-जी जातीचा. तो तापमानाला जवळजवळ दाद देत नाही. अंशामागे फार तर दहा लाखांत तीस भाग. आला होता एक्स-सेव्हन-आर. तो काम करतो, स्वस्त असतो आणि तापला की आपली किंमत बदलतो. खालचा कॅपॅसिटर कमी झाला, विभाजकानं आरएफ जास्त असल्याचं सांगितलं, सर्किटनं इमानेइतबारे जोर कमी केला. इमानदारी पूर्ण, साक्ष खोटी. या सिरॅमिक चिपांच्या अंगावर काही लिहिलेलं नसतं, त्यामुळे दुकानदाराशी भांडायलाही पुरावा नाही. आता चिपांची आलेली प्रत्येक पट्टी मी आधी पुंगळीखाली धरतो.

वातानुकूलित लॅबमध्ये ही चूक वर्षभर दडून राहिली असती. इथे ती एका दुपारीत उघडी पडली. गावात काम करायचे फायदे विचारले की मी एवढाच सांगतो, आणि तोही मे महिन्यापुरता.

(दृश्य : खोलीमागचा अर्थिंगचा खड्डा. भेगाळलेली काळी जमीन. बादलीनं पाणी ओतणारे हात.)

सळ्यांतून पार झालेले आयन मोजायचे म्हणजे करंट मोजायचा, एक पिकोअँपिअरच्या आसपास. सेकंदाला साठ लाखांहून अधिक आयन, ऐकायला पुष्कळ. पण एक गिगाओहमच्या रेझिस्टरमधून गेले तरी हाती येतो एक मिलिव्होल्ट. कार्डावर बोटाचा ठसा राहिला, सोल्डरचा फ्लक्स राहिला, तरी त्यातून याहून जास्त गळती होते. जुलैच्या दमट हवेत तर होतेच. म्हणून ती एक तार कार्डाला टेकत नाही, टेफ्लॉनच्या खुंटीवरून अधांतरी जाते. बाकी कार्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं आणि जुन्या टूथब्रशनं घासून काढायचं.

एवढं करूनही मे महिन्यात स्क्रीनवर ५० हर्ट्झच्या लाटा. पावसाळ्यात नव्हत्या. आठ दिवस शील्डिंगच्या मागे घालवले. मग एक दिवस मागच्या दारी चप्पल भेगेत अडकली. काळी जमीन उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि अर्थिंगच्या प्लेटला माती टेकतच नाही. कोळसा-मीठ भरलं होतं, पण पाणी कोण घालणार? आता संत्र्याच्या झाडांसोबत त्या खड्ड्यालाही एक ड्रिपर आहे.

(दृश्य : विहिरीवरचा स्टार्टर. शेजारी टेबलावर रिले.)

आमच्याकडे मोटारीच्या स्टार्टरला जो तो 'ऑटो' बसवतो. लाईन गेली तर मोटार बंद, आली की आपोआप सुरू. रात्री दोनला उठून विहिरीवर जायला नको. पण लाईन येताच शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम उचलतात, व्होल्टेज बसतं, कधी डीपीचा फ्यूज उडतो. वायरमन सांगून थकले.

मोठेबाबांनी मला तेच सुचवलं. "तुह्या मशीनले ऑटो लाव ना बाप्पा. लाईन आली का चालू."

"मोठेबाबा, हिला ऑटो चालत नाही."

आत इलेक्ट्रॉन सोडणारी तार तापून लखलखत असते. तिच्याभोवती हवा फक्त एका मिलिबारच्या दहा लाखाव्या भागाएवढी, म्हणून ती टिकते. लाईन गेली, पंप मंदावला, हवा शिरली आणि तार तापलेली राहिली, तर ती जळते. इन्व्हर्टर कार्ड चालवतो, पंप नाही. म्हणून रिले. पंपाचा इशारा थांबला की तारेचा करंट तोडायचा. हे काम मी सॉफ्टवेअरकडे दिलेलं नाही, सॉफ्टवेअर अडकतं. आणि लाईन परत आल्यावर आधी पंप, मग व्हॅक्यूम गेजचा आकडा, मग माणसाचं बोट हिरव्या बटणावर. ही अक्कल आली दोन तारा जाळून.

(दृश्य : नोव्हेंबर. आंबिया बहाराची तोडणी. क्रेट. टेबलावर एक संत्रं.)

गावातले विचारतात, यानं फळातलं फवारणीचं औषध सापडेल का? नाही सापडणार. त्याला आधी घटक वेगळे करणारं दुसरं यंत्र लागतं, आणि मागे याहून बरीच तयारीची सामग्री. ही नळी वायू ओळखते, व्हॅक्यूम गळतो का ते सांगते. कॉलेजला तेवढंच हवं आहे.

पण पहिला तोडा सुरू झाला तेव्हा राहवलं नाही. सालीचा तुकडा बाटलीत घातला, बारीक व्हॉल्व्हमधून वास आत सोडला. सालीच्या तेलात मुख्य असतं लिमोनिन, वजन १३६. स्क्रीनवर आधी ६८ चढलं, सगळ्यांत उंच. मग ९३. रेणू फुटून झालेले तुकडे ते. मग उजवीकडे, एकटंच, १३६.

मोठेबाबा फोडी खात बघत होते. "हे सांगते काय, गोड हाय का आंबट?"

"नाही."

"मंग?"

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात रिले वाजला. टक्. लाईन गेली होती.