आधी २५३, मग २१

नमस्कार मंडळी! आज बेंजामिन इंग्रोसो. स्वीडनचा पॉप गायक, जन्म १९९७ चा, आणि हा पोरगा वाढलाच टीव्हीवरच्या स्पर्धांमध्ये. आई पर्निला वाल्ग्रेन तिकडची नावाजलेली गायिका. २००६ ला, अजून शाळकरी असतानाच, 'लिला मेलोडीफेस्टिवालेन' जिंकला, म्हणजे लहान मुलांची गाण्याची स्पर्धा. २०१४ ला नाचाच्या 'लेट्स डान्स'मध्येही पहिला. आता एवढ्याशा लेकरांना स्पर्धेत उभं करून मार्क द्यायचे हे मला मनापासून पटत नाही, त्या वयात मनसोक्त गाऊ द्यावं हो, आईबापांनीही जरा दमानं घ्यावं.

असो. मग मोठी मेलोडीफेस्टिवालेन. युरोव्हिजन म्हणजे युरोपात दरवर्षी होणारी देशोदेशींची गाण्याची स्पर्धा, तिला स्वीडनकडून कोण जाणार ते इथेच ठरतं. २०१७ ला पाचवा आला, २०१८ ला 'डान्स यू ऑफ' घेऊन परत आला आणि जिंकला.

आता लिस्बनची ती रात्र, युरोव्हिजनची फायनल. १२ मे २०१८, आपल्याकडे १३ ची पहाट, चार वाजत आलेले, मी लॅपटॉपसमोर, केलेला चहा तसाच गार. स्टेजवर आडव्या ट्यूबलाइट्सच्या रांगाच रांगा आणि मधोमध हा एकटा. आधी एकेका देशाच्या ज्युरीचे मार्क आले, ऑस्ट्रिया पहिला, स्वीडन दुसरा, २५३! मी खुर्चीतून उठलेच. मग लोकांच्या मतांचे मार्क, ते कमीपासून वर असे वाचत होते, म्हणजे नाव जितकं उशिरा येईल तितकं चांगलं. आणि अगदी सुरुवातीलाच स्वीडन. २१. ऐकलंत ना, ज्युरीचे २५३ आणि लोकांचे फक्त २१! पोटात धस्स झालं, शपथ. बेरीज २७४, सातवा नंबर. लोकांच्या मतांवर इस्रायल जिंकलं.

मला वाटतं त्या ट्यूबलाइट्सनी घात केला, सगळं इतकं घोटीव दिसत होतं की समोर माणूस गातोय हेच जाणवेना, गाणं काही वाईट नव्हतं.

त्यानंतर तो थांबला नाही, त्याच वर्षी पहिला अल्बम काढला, २०२० पासून चक्क स्वीडिशमध्ये गाणी आणली. तर लावते आता तेच 'डान्स यू ऑफ'. आपल्या रेडिओवर ट्यूबलाइट नाहीत, डोळे मिटा आणि त्याचा तो वर चढणारा पातळ आवाज तेवढा ऐका.