स्वागत समारंभ संपल्यानंतर

(परदेशी विद्यार्थ्यांचे सोबती म्हणून काम करू इच्छिणारे पुण्यातले विद्यार्थी आणि प्राध्यापक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेक महाविद्यालयांत परदेशी विद्यार्थ्यांचं स्वागत होतं. गुलाबाचं फूल, प्राचार्यांचे दोन शब्द, कॅम्पसची फेरी, चहा-समोसा, ग्रुप फोटो. हे सगळं जरूर करा. पण त्या दिवशी यातली बरीच मुलं पुण्यात पोचलेलीच नसतात. कुणाचा व्हिसा अडकलेला असतो, कुणाच्या शिष्यवृत्तीचं पत्र उशिरा आलेलं असतं, कुणाची कागदपत्रं साक्षांकनासाठी दूतावासात पडून असतात. कुणी ऑगस्टच्या शेवटी येतं, तर कुणी ऐन गणपतीत. तोवर वर्गातली बाकं ठरून गेलेली असतात, डबा कुणी कुणाबरोबर खायचा ते ठरलेलं असतं, प्रॅक्टिकलच्या जोड्या लागलेल्या असतात. उशिरा आलेल्या मुलाशी कुणी वाईट वागत नाही, फक्त त्याच्यासाठी जागा उरलेली नसते. ती जागा आधीपासून राखून कशी ठेवायची, याविषयी मला आज बोलायचं आहे.

पुण्याला हा प्रश्न जुना आहे. फर्ग्युसनच्या वसतिगृहाचे रेक्टर असताना डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी मॉरिशसहून आलेला, काविळीनं आजारी पडलेला एक विद्यार्थी पाहिला. त्याच्याकडे बघायला इथं जवळचं कुणी नव्हतं. 1971 मध्ये त्यांनी सिंबायोसिस ही शिक्षणसंस्था सुरू केली त्यामागे ही अस्वस्थता होती. पन्नास वर्षं उलटली. आज फोनवर घरचे रोज दिसतात, पण ताप आला की भाताची पेज आणून देणारं माणूस याच शहरात असावं लागतं.

अभ्यासकांनी या विषयावर पुष्कळ काम केलं आहे. त्यातलं एकच सांगतो, कारण आपल्या कामाला त्याचा थेट उपयोग आहे. स्टीफन बॉकनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाई विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या मैत्रीचा अभ्यास 1977 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना मैत्रीची तीन वर्तुळं दिसली. पहिलं आपल्या देशातल्या लोकांचं. तिथं भाषा आपली, जेवण आपलं, मन मोकळं करता येतं. दुसरं स्थानिक लोकांचं. अभ्यास, कार्यालयीन कामं, पुढची नोकरी यांसाठी ते लागतं. तिसरं इतर देशांतून आलेल्यांचं, आणि त्यात फिरणं, खेळणं, मजा असते. म्हणून "ही येमेनची मुलं कायम आपापसांतच असतात" अशी तक्रार करू नका. ते वर्तुळ त्यांचा आधार आहे, ते मोडायला जाऊ नका. आपल्याकडे बहुतेक वेळा रिकामं राहतं ते दुसरं, आणि ते भरणं तुमच्या हातात आहे.

आता सोबती योजनेकडे येऊ, म्हणजे परदेशी विद्यार्थ्याला स्थानिक विद्यार्थी सोबती म्हणून जोडून देण्याकडे. ती बहुतेक ठिकाणी कागदावर असते आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात विरून जाते. याचं कारण उत्साह कमी पडतो असं नाही. "काही लागलं तर फोन कर" एवढ्यावर ती सोडलेली असते, आणि नव्या देशात आलेलं माणूस फोन करत नाही. त्याला वाटतं आपण त्रास देतोय. शिवाय काय मागायचं हेच त्याला माहीत नसतं. त्यामुळे भेटी आधीच ठरवून टाका: आठवड्यातून एकदा, तोच वार, तीच वेळ, तीच जागा, सलग आठ आठवडे. बुधवारी साडेचार वाजता कँटीनच्या मागची टपरी, असं ठरलं की कुणालाच निमंत्रण द्यावं लागत नाही. एका परदेशी विद्यार्थ्यामागे दोन स्थानिक सोबती असावेत. एकाची परीक्षा आली किंवा तो गावी गेला, तरी दुसरा असतो. आणि सोबती त्याच विभागातला निवडा, म्हणजे एरवीही जिन्यात, ग्रंथालयात भेटी होत राहतील. मुलीला किमान एक मुलगी सोबती हवी. खोली शोधणं, डॉक्टरकडे जाणं या गोष्टी तिला मुलाला सांगता येतीलच असं नाही.

पहिल्या भेटीत नाव विचारा. पासपोर्टवर चार शब्दांचं नाव असतं, त्यातला हाक मारायचा कोणता, ते त्यालाच विचारा. त्याच्यासमोर देवनागरीत लिहा, वाचून दाखवा, चुकलं तर दुरुस्त करून घ्या आणि वर्गात इतरांनाही तसंच सांगा. अवघड वाटतं म्हणून कुणाला परस्पर "सॅम" करू नका.

पहिल्या पंधरवड्यात मैत्री वगैरे बाजूला ठेवून कागदांच्या मागे लागा. 180 दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा विद्यार्थी व्हिसा असेल तर आल्यापासून 14 दिवसांत परदेशी नोंदणी कार्यालयात, म्हणजे एफआरआरओच्या पोर्टलवर, नोंदणी करावी लागते. त्यासाठी राहण्याचा पुरावा हवा. राहण्याच्या पुराव्यासाठी भाडेकरार हवा. भाडेकरारासाठी घरमालक हवा, आणि परदेशी भाडेकरू आला की 24 तासांत त्याची माहिती ऑनलाइन कळवायची जबाबदारी त्या घरमालकावर येते. ही कटकट नको म्हणून पुष्कळ घरमालक सरळ नाही म्हणतात. बँक खातं, सिमकार्ड, ऑनलाइन पैसे देणं सगळं यावरच अडलेलं असतं. ज्याच्या डोक्यावर ही तारीख टांगलेली आहे तो तुमच्याबरोबर सिंहगडावर यायच्या मनःस्थितीत कसा असेल? घरमालकाकडे जाताना सोबत्यानं बरोबर जावं, मराठीत बोलावं, माहिती कशी भरायची ते त्यांच्याच फोनवर दाखवावं. कॉलेजचं बोनाफाइड, पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती एका प्लॅस्टिक फोल्डरमध्ये घेऊन जावं. डिपॉझिट किती, परत कधी मिळणार, आणि ब्रोकरची दलाली किती, हे करारावर सही होण्याआधी लिहून घ्यावं.

वर्गाविषयी प्राध्यापकांना एक विनंती. "पाच-पाच जणांचे गट तुमचे तुम्ही करा" असं म्हणू नका. असं म्हटलं की मित्र मित्रांना धरतात आणि शेवटी उरलेल्यांचा एक गट होतो. त्यात सगळी परदेशी मुलं आणि एखादा गैरहजर विद्यार्थी. गट तुम्ही करा, एका गटात परदेशी विद्यार्थी एक किंवा दोन ठेवा, आणि गटाची पहिली वीस मिनिटांची बैठक तासातच घ्या. कामाची वाटणी त्याच बैठकीत होऊ द्या, नाहीतर परदेशी विद्यार्थ्याच्या वाट्याला स्लाइड सजवणं येतं. उशिरा येणाऱ्यांसाठी प्रत्येक गटात एक नाव रिकामं ठेवता येतं. सप्टेंबरमध्ये येणाऱ्याला त्यामुळे आल्या दिवशी चार ओळखीचे चेहरे मिळतात. खर्च शून्य, आणि याच्याइतका गुण दुसऱ्या कशाचा येत नाही.

वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपकडेही बघा. "उद्याचा लेक्चर ऑफ आहे, सबमिशन परवा" हे आपण मराठी-हिंदी मिसळून रोमन लिपीत टाकतो, किंवा आवाज रेकॉर्ड करून पाठवतो. अरबी, फ्रेंच किंवा पोर्तुगीज माध्यमातून शिकून आलेल्या मुलाला यातलं काहीच कळत नाही. साधं लिखित इंग्रजी असेल तर तो फोनवर भाषांतर करून घेतो. मिसळलेल्या मजकुराचं भाषांतर धड होत नाही. सीआरनं, म्हणजे वर्गप्रतिनिधीनं, सूचना इंग्रजीत, तारीख आणि खोली क्रमांक घालून लिहावी. गप्पा हव्या त्या भाषेत चालू द्या. प्रत्यक्ष बोलताना मात्र पाच जणांत एकालाच मराठी-हिंदी येत नसेल आणि हशा पिकला, तर कुणीतरी एकानं लगेच त्याला दोन वाक्यांत विनोद सांगावा. संध्याकाळभर न कळलेल्या हशात बसलेलं माणूस पुढच्या वेळी येत नाही.

थोडी मराठीही शिकवा, पण रस्त्यावर. "मीटरनं चला", "इथंच थांबवा", "तिखट कमी टाका", "सुट्टे नाहीत", "केवढ्याला?" एवढ्यावर पहिला महिना निघतो. भाजीवाल्या मावशींशी पहिला व्यवहार मराठीत झाला की त्या स्वतःच पुढचे शब्द शिकवतात.

जेवणाबद्दल जरा सविस्तर बोलतो. पुण्यातल्या पुष्कळ मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. आपल्याला ते इतकं माहीत असतं की सांगायचं सुचत नाही, आणि नवा विद्यार्थी त्या रात्री बिस्किटं खाऊन झोपतो. हे पहिल्याच दिवशी सांगा. रमजानमध्ये पहाटेच्या सहरीसाठी, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीच्या जेवणासाठी, मेसवाल्याशी आधी बोला: रात्री नऊला डबा भरून मिळेल का, हॉस्टेलच्या मजल्यावर फ्रिज आणि किटली वापरता येईल का. संध्याकाळच्या प्रॅक्टिकलमध्ये सूर्यास्ताला दहा मिनिटांची सुट्टी द्यायला काहीच लागत नाही. घरी बोलावणार असाल तर "ये कधीतरी घरी" असं म्हणू नका. तो खरंच वाट बघतो. दिवस, वेळ, पत्ता, कोणती बस, जेवण शाकाहारी आहे की नाही, किती वाजेपर्यंत थांबायचं हे सगळं सांगा. आपल्या आईला आणि आजीलाही सांगून ठेवा की आग्रह एकदाच करायचा. अनेक देशांत पानात टाकणं हा यजमानाचा अपमान समजतात. पाहुणा पोट दुखेपर्यंत खात राहतो आणि आपण वाढत राहतो.

यात सगळ्यात दुर्लक्षित आहे ती दिवाळी. सत्र परीक्षा संपते आणि दोन दिवसांत हॉस्टेल रिकामं होतं. मेस बंद, कँटीन बंद, झेरॉक्सवाला गावी, ग्रंथालय अर्धवेळ. सगळं शहर घराघरांत उजळलेलं असतं आणि मजल्यावर दोन-तीन परदेशी मुलं उरतात. तीन महिने धीरानं काढलेला विद्यार्थी इथं खचतो. सप्टेंबरमध्येच यादी करा: कोण थांबणार, कोणत्या तारखा, जेवणाची सोय काय. चालू राहणाऱ्या खाणावळींची नावं, वेळा लिहून द्या. पुण्यातच घर असलेल्या सोबत्यांनी दिवस वाटून घ्यावेत, एकानं फराळाला, एकानं किल्ला करायला बोलवावं. आजारपणासाठी 108 हा रुग्णवाहिकेचा क्रमांक आणि हॉस्टेलवर थांबलेल्या एका कर्मचाऱ्याचा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये स्वतः घालून द्या.

आता जे बोलायला आपल्याला आवडत नाही ते. आफ्रिकेतून आलेल्या मुलांना या शहरात रंगावरून बोललं जातं, न विचारता त्यांचे फोटो काढले जातात, केसांना हात लावला जातो, खोली असूनही "दिली आहे" असं सांगितलं जातं. त्यावर "मनाला लावून घेऊ नकोस" हा सल्ला कृपा करून देऊ नका. विद्यापीठ अनुदान आयोगानं 2016 मध्ये रॅगिंगविषयीचे नियम बदलले. रंग, वंश, राष्ट्रीयत्व, भाषा यांवरून विद्यार्थ्याला त्रास देणं किंवा वगळणं हेही आता रॅगिंग आहे. म्हणजे कॅम्पसमधल्या अशा प्रकाराची रीतसर तक्रार होऊ शकते. त्याच दिवशी तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं हे लिहून ठेवा आणि तक्रार द्यायला सोबत जा. प्रकार बाहेर घडला असेल तर पोलीस चौकीतही सोबत जा. एकट्यानं गेल्यावर भाषेमुळेच अर्धी तक्रार गळते.

"आंतरराष्ट्रीय दिन" करावा, पण त्यावर भिस्त ठेवू नका. आपापल्या देशाचा पोशाख घालून मुलं स्टेजवर येतात, टाळ्या पडतात आणि दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये पुन्हा वेगळ्या टेबलांवर बसतात. त्यापेक्षा हातात एकत्र काम द्या. अफगाण मुलं क्रिकेट जीव तोडून खेळतात. रविवारच्या टेनिस बॉल मॅचमध्ये त्यांना संघ करून वेगळं उतरवू नका, दोन्ही संघांत वाटून घ्या. फुटबॉललाही तसंच. सकाळी वेताळ टेकडीवर जाणारा गट, गणपतीच्या मंडपाचं सामान उचलणारा गट, नाटकाच्या तालमीत बॅकस्टेजला माणसं कमी पडतात तो गट, यांत एखाददुसऱ्याला नेमकं काम देऊन ओढा. "बघायला ये" म्हटलं तर तो पाहुणा राहतो. "सहा वाजता ये, खुर्च्या लावायच्यात" म्हटलं की पुढच्या वेळी त्याला कुणी बोलवावं लागत नाही.

आठ आठवडे झाले की सोबत्यांनी एक पानभर नोंद लिहावी: काय अडलं, कोणत्या घरमालकानं होकार दिला, कोणत्या कार्यालयात कोणत्या खिडकीवर काम झालं. ती फाइल विभागात ठेवा. दुसऱ्या वर्षाला गेलेल्या परदेशी विद्यार्थ्यालाच पुढच्या तुकडीत तुमच्याबरोबर सोबती करा. नोंदणीची चौदा दिवसांची धावपळ त्याच्याइतकी कुणालाच पाठ नसते. यंदाची नावनोंदणी बाहेरच्या टेबलावर सुरू आहे. विभाग, फोन नंबर आणि दिवाळीत पुण्यात असणार की नाही, एवढं लिहून जा.