दुकानाच्या मांडणीवरचा अ‍ॅडव्हेंचर गेम

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी आपल्याशी व्हिडिओ गेमच्या एका विशिष्ट प्रकाराविषयी, आणि त्याहूनही अधिक तो गेम ज्या दुकानांत मिळतो त्या दुकानांविषयी बोलणार आहे. अ‍ॅडव्हेंचर गेम म्हणजे ज्यात बहुधा गोळीबार नसतो, शर्यत नसते, चपळ बोटांची परीक्षा नसते. एक कथा असते, त्या कथेत कोडी पेरलेली असतात आणि कोडे सुटल्याशिवाय पुढचे दार उघडत नाही. एवढी ओळख आपल्याला पुरे आहे.

माझे म्हणणे आरंभीच मांडतो. हा प्रकार कोणत्या देशात तगला आणि कोणत्या देशात मागे पडला, याचे बरेचसे उत्तर त्या देशातील दुकानांच्या मांडणीवर, म्हणजे माल मांडून ठेवण्याच्या फळ्यांवर, मिळते. कोणीतरी वाट वाकडी करून दुकानात शिरतो, खोका हातात घेतो, मागच्या बाजूचे चित्र पाहतो, चार ओळी वाचतो आणि त्याचे कुतूहल चाळवते. या गेमला नवा खेळाडू मिळतो तो असा. म्हणून पुन्हा सांगतो, या गेमचे भवितव्य फार मोठ्या प्रमाणात दुकानाच्या मांडणीवर ठरत आले आहे.

हे नाते किती जुने आहे ते समजण्यासाठी मी एक हकीकत सांगतो. ती मला अतिशय प्रिय आहे, आणि जिथे संधी मिळते तिथे मी ती सांगतो, त्यामुळे आजही ती सविस्तर सांगण्याची मुभा श्रोत्यांनी मला द्यावी.

काळ १९७९ चा. कॅलिफोर्नियातील सिमी व्हॅली या गावात केन विल्यम्स नावाचा एक तरुण प्रोग्रामर, त्याची पत्नी रोबर्टा आणि त्यांची लहान मुले राहत होती. कामाच्या निमित्ताने केनने घरी एक टेलिटाइप यंत्र आणले होते. त्याला पडदा नव्हता. टेलिफोनच्या तारेने ते दूरच्या एका मोठ्या संगणकाशी जोडले जाई आणि उत्तर कागदावर खडखडत छापून येई. त्या दूरच्या संगणकावर केनला एक गेम सापडला. विल क्राउथर यांनी १९७६ च्या सुमारास लिहिलेला आणि डॉन वुड्स यांनी १९७७ मध्ये वाढवलेला, गुहेत शिरून खजिना शोधण्याचा तो गेम होता. केनने तो सहज म्हणून पत्नीला दाखवला. रोबर्टाला मात्र त्याने असे झपाटले, की घरातली कामे सांभाळून उरलेला सारा वेळ ती त्या यंत्रापाशी बसू लागली आणि गुहेचा शेवट गाठल्याशिवाय उठली नाही.

आता तिला असाच दुसरा गेम हवा होता. तो शोधायला ती संगणकाच्या दुकानांकडे वळली. दुकानांत त्या वेळी काय मिळत होते? फ्लोरिडातील स्कॉट अ‍ॅडम्स यांनी १९७८ मध्ये ‘अ‍ॅडव्हेंचरलँड’ हा गेम घरगुती संगणकासाठी तयार केला होता आणि तो कॅसेटवर विकला जात होता. त्याचे वेष्टन कसे होते, हे मुद्दाम सांगण्याजोगे आहे. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या बाटलीत घालण्यासाठी जी पातळ प्लास्टिकची पिशवी मिळे, तीत अ‍ॅडम्स यांनी कॅसेट घातली, सोबत आपले नाव छापलेले कार्ड ठेवले आणि वर पिन मारून पिशवी बंद केली. घरात तान्हे मूल होते, म्हणून ती पिशवी हाताशी होती. आज कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या या व्यवसायातील एक आद्य गेम दुकानात पोहोचला तो बाळाच्या बाटलीच्या पिशवीत, ही गोष्ट मला मनापासून आवडते.

रोबर्टाने ते गेमही खेळून संपवले. पण त्यांत नुसते शब्द होते. खोलीचे वर्णन वाचायचे आणि दोन शब्दांत आज्ञा टाइप करायची. तिला वाटले, याहून चांगला गेम आपण रचू शकतो. तिने स्वयंपाकघरातील टेबलावर कागद पसरले आणि एका जुन्या वाड्याचा नकाशा आखायला घेतला. वाड्यात सात माणसे, कुठेतरी दडवलेली रत्ने, आणि एकामागून एक होणारे खून. केन या वेळी दुसऱ्याच विचारात होता. घरात नुकताच अ‍ॅपल टू संगणक आला होता आणि त्यासाठी फोर्ट्रान या संगणकीय भाषेचा कंपायलर, म्हणजे त्या भाषेतला प्रोग्रॅम संगणकाला समजेल अशा रूपात आणणारे सॉफ्टवेअर, तयार करून विकावा, असा त्याचा बेत होता. पत्नीच्या वाड्यात त्याला प्रथम काही रस वाटला नाही. तेव्हा रोबर्टाने त्याला एका हॉटेलात जेवायला नेले आणि त्या टेबलावर संपूर्ण कथा ऐकवली. जेवण संपेपर्यंत केन तिच्या बाजूचा झाला होता, आणि या बोलण्यांतूनच नुसत्या शब्दांऐवजी चित्रे दाखवण्याची कल्पना पुढे आली.

कल्पना सोपी होती, अडचण फ्लॉपीची होती. सत्तर चित्रे जशीच्या तशी एका फ्लॉपीवर मावणे शक्यच नव्हते. केनने त्यावर तोड काढली. त्याने चित्र साठवलेच नाही. चित्रातली रेघ कुठे सुरू होते आणि कुठे संपते, तेवढेच आकडे साठवले आणि खेळताना संगणकाकडून ती रेघ नव्याने काढून घेतली. रोबर्टाने कागदावरची रेखाटने एका यांत्रिक दांडीने गिरवून संगणकात उतरवली. काळ्या पडद्यावर साध्या रेघांचा वाडा उभा राहिला. गेमचे नाव ‘मिस्टरी हाउस’.

आता तो दुकानात नेण्याची वेळ आली. १९८० च्या मे महिन्यात ‘मायक्रो’ नावाच्या मासिकात त्यांनी जाहिरात दिली. किंमत चोवीस डॉलर पंच्याण्णव सेंट. वेष्टन म्हणून पुन्हा प्लास्टिकची पिशवीच, फक्त या वेळी ती वरून दाबून बंद होणारी होती. आपण पोहे, शेंगदाणे ज्या पिशवीत ठेवतो तशीच. तिच्यात एक फ्लॉपी आणि सूचनांचा एक कागद, बाकी काही नाही. घरातच पिशव्या भरायच्या आणि लॉस एंजेलिसच्या आसपासच्या संगणकाच्या दुकानांत केनने त्या नेऊन द्यायच्या, अशी ही व्यवस्था होती. अशा दुकानांत विक्रीचा संगणक चालू ठेवलेला असे आणि दुकानदाराला गेम तिथेच चालवून दाखवता येई. मला वाटते, या गेमचे यश तिथे ठरले. शब्दांचा गेम गिऱ्हाइकाने वाचावा लागतो. पडद्यावरचा वाडा मात्र दारातून आत येणाऱ्यालाही दिसतो.

गेम विकत घेतलेले लोक कोड्यात अडकले की विल्यम्स यांच्या घरी फोन करत, कारण सूचनांसोबत घरचाच नंबर दिलेला होता. रोबर्टा स्वतः फोन उचलून पुढची वाट सुचवत असे. ओघात एक गोष्ट बोलून घेतो. अडकलेल्या माणसाला नेमकी एक खूण सांगणे आणि त्याला संपूर्ण उत्तर हातात देणे, यांत फार मोठा फरक आहे. आज सगळी उत्तरे तयार मिळतात. पण घरातील मुलाला एखाद्या कोड्यापाशी दोन दिवस अडकून राहू द्यावे, असे माझे ठाम मत आहे, मग ते कोडे गेममधले असो की गणितातले.

मूळ हकीकतीकडे येतो. पिशवीतल्या त्या गेमच्या दहा हजारांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. केनचा कंपायलर बाजूला पडला, कुटुंब योसेमिटीच्या डोंगराळ भागात राहायला गेले आणि पुढे सिएरा ऑन-लाइन या नावाने प्रसिद्ध झालेली कंपनी उभी राहिली. तिनेच १९८४ मध्ये ‘किंग्ज क्वेस्ट’ हा अ‍ॅडव्हेंचर गेम आणला.

पिशवीनंतर खोक्यांचे युग आले. इन्फोकॉम या अमेरिकी कंपनीच्या १९८२ मधील ‘डेडलाइन’ या गेमच्या खोक्यात जबाबांची कागदपत्रे, प्रयोगशाळेचा अहवाल आणि पुराव्यादाखल छोट्या पिशवीत गोळ्या असत. फ्लॉपीवर मावत नाही तो मजकूर कागदावर आला होता. याच कंपनीने एक गेम उडत्या तबकडीच्या आकाराच्या वेष्टनात आणला. दिसायला तो सुंदर होता, पण दुकानदारांना त्याची नीट रास लावता येईना. अखेर कंपनीने १९८४ पासून सर्व गेमसाठी एकाच मापाचा करडा खोका स्वीकारला. पुढे २००० च्या सुमारास दुकानांतील जागा वाचवण्यासाठी मोठे पुठ्ठ्याचे खोके गेले आणि डीव्हीडीच्या मापाची डबी आली. नकाशे, पत्रे, जाड पुस्तिका तिच्यात मावेनात. छापील पुस्तिका बंद होणे हे वाचकाचेही नुकसान आहे, असे मी मानतो.

अमेरिकेत रँड आणि रॉबिन मिलर या बंधूंचा १९९३ मधील ‘मिस्ट’ सर्वांत जास्त खपणारा पीसी गेम ठरला आणि २००२ मध्ये ‘द सिम्स’ने मागे टाकेपर्यंत तो मान त्याच्याकडे राहिला. असे असूनही १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या दुकानांनी या प्रकाराची जागा काढून घेतली. खरेदीदार संपले होते का? मुळीच नाही. २०१२ मध्ये टिम शेफर यांच्या डबल फाइन कंपनीने अशा गेमसाठी लोकांकडून थेट चार लाख डॉलर मागितले, तेव्हा सुमारे सत्त्याऐंशी हजार लोकांनी मिळून तेहतीस लाखांहून अधिक डॉलर दिले. खरेदीदार होते, मांडणी नव्हती. हा मुद्दा लक्षात राहावा म्हणून पुन्हा म्हणतो: खरेदीदार होते, मांडणी नव्हती.

जर्मनीत मांडणी टिकली. तेथील मीडिया मार्क्ट, साटुर्न अशा मोठ्या दुकानांत पीसी गेमच्या विभागात या प्रकाराला अनेक वर्षे जागा मिळत राहिली, चित्रात लपलेल्या वस्तू शोधण्याच्या स्वस्त गेमच्या शेजारी का होईना. म्हणूनच २००६ मध्ये ‘गेहाइमआक्टे तुंगुस्का’सारखा गेम तिथे घडला, आणि हॅम्बुर्गमध्ये २००७ साली सुरू झालेली डेडॅलिक कंपनी २०१२ मध्ये ‘डेपोनिया’ आणू शकली. जर्मनीत राहणाऱ्या आपल्या मराठी बांधवांना एक सूचना: जुन्या डब्यांतील गेम पुष्कळदा फक्त जर्मन भाषेत असतो, तेव्हा मागच्या बाजूला भाषा पाहून घ्यावी. ज्यांची मुले तिथल्या शाळेत जातात, त्यांच्यासाठी ती अडचण नसून सोयच आहे.

जपानमध्ये हा प्रकार वेगळ्या वाटेने रुजला. युजी होरी यांनी १९८३ मध्ये कोबे शहरातील खुनाच्या तपासावर ‘पोर्टोपिया’ हा गेम केला, आणि तेव्हापासून जपानी अ‍ॅडव्हेंचर गेम म्हणजे मुख्यतः वाचण्याची गोष्ट, असा पायंडा पडला. तोक्योच्या अकिहाबारा भागात किंवा ओसाकाच्या देन देन टाउनमध्ये जुन्या गेमची दुकाने आहेत. तिथे प्रत्येक वस्तू पारदर्शक पिशवीत असते आणि वर छोटी चिठ्ठी असते. खोका आहे की नाही, पुस्तिका आहे की नाही, कोपरा दुमडला आहे का, पाठीवर उन्हाने रंग उडाला आहे का, हे सारे तिच्यावर लिहिलेले. गिऱ्हाइकाशी इतका प्रामाणिक व्यवहार फार थोड्या बाजारांत दिसतो. जपानी येत नसणाऱ्यांसाठी एक उपयुक्त माहिती: ‘एस अटर्नी’ या वकिलाच्या गेमच्या, निन्टेन्डो डीएस या हातात धरून खेळण्याच्या यंत्रासाठी २००५ मध्ये आलेल्या आवृत्तीच्या जपानी कार्ट्रिजमध्ये इंग्रजी भाषाही आहे, आणि मूळ डीएस यंत्राला देशाचे बंधन नसल्याने ते कार्ट्रिज आपल्याकडच्या डीएसवरही चालते. मात्र पुढच्या थ्रीडीएस यंत्राच्या स्वतःच्या गेमना देशाचे कुलूप आहे, तेव्हा ते घेताना यंत्र कोणत्या भागातले आहे ते तपासावे.

ब्रिटनमध्ये धर्मादाय संस्थांची जुन्या वस्तूंची दुकाने आणि १९९२ मध्ये लंडनला सुरू झालेली सीईएक्स (CeX) या जुने गेम विकणाऱ्या दुकानांची साखळी धुंडाळावी. या साखळीची दुकाने आपल्याकडे पुण्यामुंबईतही आहेत, पण तिथे बहुतांशी कन्सोलच्या डिस्क असतात आणि त्यांत अ‍ॅडव्हेंचर गेम शोधावा लागतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एके काळी हे गेम सहज मिळत, पण त्यांतील बऱ्याच सीडी नकली असत आणि त्यांच्यासोबत पुस्तिका नसे, नकाशा नसे.

हे सारे एवढ्या आग्रहाने सांगण्याचे कारण असे की, अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ मधील अभ्यासानुसार तिथे प्रकाशित झालेल्या जुन्या गेमपैकी सत्त्याऐंशी टक्के गेम आज अधिकृतपणे विक्रीला नाहीत. त्या गेमसाठी जुन्या वस्तूंचे दुकान हाच बहुतेकांना परवडणारा सरळ मार्ग आहे. आपल्या सार्वजनिक ग्रंथालयांनीही असे गेम जपावेत, असे मला वाटते.

दुकानात गेल्यावर दोन गोष्टी जरूर पाहाव्यात. नवा खोका असेल तर त्यावरचा बारीक मजकूर वाचावा, कारण हल्ली कित्येक खोक्यांत डिस्क नसते, फक्त डाउनलोडचा क्रमांक छापलेला कागद असतो. आणि खोका जुना असेल तर आतले सर्व कागद मोजून घ्यावेत. १९९० मधील ‘मंकी आयलंड’च्या फ्लॉपी आवृत्तीसोबत चाच्यांचे चेहरे छापलेली, फिरवण्याची कागदी चकती येत असे. गेम सुरू होताच एक चेहरा दाखवून त्यावरून वर्ष विचारले जाते, आणि ती चकती फिरवूनच उत्तर मिळते. दुकानदाराला आधी चकती दाखवायला सांगावी आणि मग भाव विचारावा.

नमस्कार.