रबरी किडा आणि लाइनचा पीळ

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मासेमारीच्या लाइनला, म्हणजे गळाच्या दोरीला, पीळ पडलाय हे बहुतेकांना फार उशिरा कळतं. म्हणजे स्पूलवरून (रिळाच्या ज्या चाकावर लाइन गुंडाळलेली असते त्यावरून) वेटोळी उड्या मारायला लागली, रॉडच्या टोकाला लाइन गुंडाळली गेली, की मग आपण रिळाकडे संशयाने बघतो. त्याच्या आधी बघायची एक सोपी खूण आहे. रॉडच्या टोकातून दोन हात लाइन बाहेर ओढा, दोन्ही हातांत ताणून धरा आणि हळूहळू हात जवळ आणा. लाइन नुसती झोळ घेऊन खाली लोंबली तर सगळं ठीक. मध्येच स्वतःभोवती फिरून दोन पदरी वळली गेली, तर पीळ आहे. आज घरी गेल्यावर करून बघा. स्पिनिंग रिळावर सॉफ्ट प्लास्टिक वर्म, म्हणजे आमिष म्हणून लावायचा मऊ रबरी किडा, वापरणाऱ्यांनी तर नक्कीच.

हा पीळ येतो कुठून आणि जातो कुठे, एवढंच आज बोलायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: दहातल्या आठ जणांना स्विव्हल (लाइनमध्ये बांधायची, स्वतःभोवती फिरणारी धातूची कडी) विकत घेण्याआधी वर्म सरळ लावायला शिकण्याची गरज असते.

लाइनमध्ये गेलेला फेरा आपोआप नाहीसा होत नाही. ताण असेपर्यंत तो लाइनच्या आत पीळ म्हणून राहतो, आणि ताण सुटला की वेटोळं होऊन बाहेर येतो. दोन्ही टोकं धरलेली असतील तर पीळ आणि वेटोळी यांची बेरीज तीच राहते. एक कमी झालं की दुसरं वाढतं. रुमानियन गणितज्ञ कालुगारेआनू यांनी १९५९ ते १९६१ या काळात या बेरजेचं गणित मांडलं, आणि पुढे डीएनएची गुंडाळी समजून घ्यायला तेच कामी आलं. आपल्याला त्यातलं एवढंच पुरे: लाइन घट्ट ताणून गुंडाळली की पीळ गेला असं वाटतं, पण तो गेलेला नसतो, दबलेला असतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते नायलॉनला जास्तच लागू पडतं.

आता हिशेब करू. समजा वर्म वाकडा लागलाय आणि ओढताना दर ३० सेंटिमीटरला स्वतःभोवती एक गिरकी घेतोय. २० मीटर अंतरावरून परत आणताना साधारण ६५ गिरक्या झाल्या. अशा ३० फेकी केल्या की आकडा २००० च्या घरात. आणि या गिरक्या स्पूलवरच्या सगळ्या लाइनमध्ये वाटल्या जात नाहीत. फेकताना जी वीसपंचवीस मीटर लाइन बाहेर जाते, तिच्यातच त्या साठतात. प्रत्यक्षात इतक्या गिरक्या साठायच्या कितीतरी आधीच गुंता होतो, हा भाग वेगळा.

वर्म गिरकी का घेतो? पाण्यातून पुढे जाताना त्याच्या दोन बाजूंवर सारखा दाब पडला तर तो सरळ येतो. किंचित जरी बाक असला तरी तो पंख्याच्या पात्यासारखा फिरतो. प्लास्टिकचे पहिले वर्म निक क्रीम यांनी १९४९ साली अमेरिकेतल्या ऍक्रन शहरात बनवले. सुरुवातीच्या काळात ते गळ आणि मणी जोडून, तयार सरंजामासकट विकले जात. पुढे टेक्सस रिग रुळली, म्हणजे गोळीच्या आकाराचं सरकतं शिसं आणि वर्मच्या अंगात लपवलेला एकच गळ. तेव्हापासून वर्म सरळ ठेवायची जबाबदारी कारखान्याकडून आपल्या बोटांवर आली.

टेक्सस रिगमध्ये चूक कुठे होते ते नीट बघा, कारण इथे दोनतीन मिलिमीटरचा खेळ आहे. गळाचं टोक वर्मच्या नाकात अगदी मधोमध घालायचं, पाचसहा मिलिमीटर आत नेऊन बाजूने बाहेर काढायचं. मग गळ वर ओढत नेऊन अर्धा फिरवायचा, डोळा नाकात रुतेपर्यंत. इथपर्यंत सगळे बरोबर करतात. पुढचं टोचणं मात्र बहुतेक जण अंदाजाने करतात. तसं करू नका. वर्म नुसता खाली लोंबू द्या, गळ त्याच्या शेजारी टेकवा आणि गळाचा बाक कुठे येतो तिथे नखाने खूण करा. वर्म थोडा दुमडून टोक बरोबर त्याच खुणेतून, आडवंतिडवं न जाता, आरपार घाला. खुणेच्या अलीकडे टोचलंत तर गळाच्या डोळ्यापासून टोचलेल्या जागेपर्यंतचा भाग ताणला जातो आणि वर्म धनुष्यासारखा वाकतो. पलीकडे टोचलंत तर तोच भाग चुरगळून फुगतो. दोन्हीत गिरकी ठरलेली. टोचून झालं की गळ लाइनवर लोंबवून समोरून आणि बाजूने, असा दोन्हीकडून बघायचा. एकाच बाजूने बघणारे फसतात.

साच्यातून निघालेल्या वर्मच्या अंगावर जोडाची बारीक रेघ असते. नाक, शरीर आणि शेपटी एका रेषेत ठेवायला ती फार उपयोगी पडते, विशेषतः शेपटी वळलेली असेल तर. गळ आणि शेपटी एकाच पातळीत ठेवायची. शेपटी एका अंगाला आणि गळ दुसऱ्या अंगाला गेला की वर्म तिरका पळतो. पाकिटात दुमडून राहिलेल्या वर्मचा बाकही असाच त्रास देतो. कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून सपाट जागेवर सरळ करून ठेवला तर तो बराचसा निघतो. आणि दोनचार मासे लागल्यावर नाकाचं भोक सैल होतं, वर्म गळावरून खाली घसरतो. तेव्हा फाटलेलं नाक तोडून पुन्हा लावायचं. हा कंटाळा सगळ्यांनाच येतो.

एवढं करूनही खात्री पायाशी पाणी असेल तिथेच होते. वर्म मीटरभर लाइनवर पाण्यात सोडा आणि ज्या वेगाने रीळ फिरवणार आहात त्या वेगाने ओढून बघा. फिरला तर फेकू नका.

मधोमध गळ टोचून वापरायचा वर्म, म्हणजे वॅकी रिग, ही वेगळी जात. तो खाली बुडताना दोन्ही टोकं हलवत जातो, तेव्हा काही अडचण नाही. अडचण परत आणताना येते. वेगाने ओढला की तो मधून दुमडतो, दोन पाय लांबीने थोडे तरी कमीजास्त असतात आणि भिंगरी सुरू होते. गळ अगदी मध्यावर असला तर त्रास कमी होतो, संपत नाही. इथे मात्र मी स्विव्हलच्या बाजूने आहे. ड्रॉप शॉटलाही. तिथे गळ शिशाच्या वर लाइनलाच बांधलेला असतो, त्यामुळे वर्म फिरला की थेट लाइन पिळते. त्यासाठी दोन्ही टोकांना बारीक स्विव्हल असलेले गळ मिळतात, ते चांगले. टेक्सस रिगचं सरकतं शिसं पीळ थांबवतं असा एक समज आहे. लाइन त्याच्या भोकातून नुसती आरपार जाते, ते काय थांबवणार!

आता रिळाचा वाटा. स्पिनिंग रिळात स्पूल स्थिर असतो आणि रोटर त्याच्याभोवती लाइन गुंडाळतो. प्रत्येक वेढ्याला एक पीळ पडतो, आणि फेकताना लाइन स्पूलच्या तोंडावरून सुटते तेव्हा तो उलगडतो. जमाखर्च जुळतो. तो बिघडतो ड्रॅग (मासा जोरात ओढायला लागला की लाइन सोडणारा रिळाचा ब्रेक) सुटत असताना हँडल फिरवत राहिल्याने. मासा लाइन ओढतोय, ड्रॅग करकरतोय आणि आपण जोशात फिरवतोय. ६.२:१ गिअरच्या रिळाला, म्हणजे हँडलच्या एका फेरीला रोटरच्या ६.२ फेऱ्या, हँडलच्या अशा नुसत्या ५ फेऱ्यांत ३१ पीळ पडतात, आणि लाइन इंचभरही आत आलेली नसते. रॉड वर उचलायचा, खाली नेताना फिरवायचं. ड्रॅग बोलत असेल तर हात थांबवायचा.

नवी लाइन भरतानाही हाच हिशेब. दुकानातलं लाइनचं रीळ पेन्सिलवर अडकवून फिरू दिलंत तर स्पिनिंग रिळाला प्रत्येक वेढ्याला पीळ लागतो. ते सपाट जमिनीवर ठेवा, लाइन वरून सुटू द्या. वीसेक वेढे झाले की ताण सोडून बघा. वेटोळी दिसली तर जमिनीवरचं रीळ उलटं ठेवा. लाइन रोलर, म्हणजे ज्यावरून लाइन स्पूलकडे वळते ते छोटं चाक, फिरतो ना, तेही बघा. तो अडकला की लाइन त्यावर घासत, पिळत येते. बेटकास्टिंग रिळात स्पूलच फिरतो, म्हणून तिथे रीळ पीळ घालत नाही. वर्म मात्र तिथेही घालतो.

पडलेला पीळ काढायचा तर टोकाला काहीही न बांधता पूर्ण लाइन वाहत्या पाण्यात किंवा चालत्या होडीमागे सोडा, काही मिनिटं ओढली जाऊ द्या. मोकळं टोक फिरून पीळ सुटतो. मग बोटांच्या चिमटीत हलका ताण ठेवून गुंडाळा. किनाऱ्यावरून हे जमत नसेल तर खराब झालेला भाग कापून टाकणं स्वस्त पडतं. तुकडे खिशात घाला. मोनो, म्हणजे एकपदरी नायलॉन, पाण्यात वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि पाखरांच्या पायांना अडकतो.

श्रोत्यांतून दोन प्रश्न आले होते. पहिला, ब्रेडला, म्हणजे बारीक धागे विणून केलेल्या लाइनला, पीळ पडतो का? पडतो. ब्रेड मऊ असल्यामुळे तो दिसत नाही, एकदम फेकताना गाठ होऊनच समोर येतो. म्हणून ब्रेडवाल्यांनी सुरुवातीची हातातली तपासणी जास्त वेळा करावी.

दुसरा प्रश्न जास्त चांगला होता: स्विव्हल लावूनही पीळ का पडतो? स्विव्हल फिरायला लाइनमध्ये पुरेसा पीळजोर साठावा लागतो. तो लाइनच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. ०.३० मिलिमीटरची लाइन ०.२० च्या लाइनपेक्षा दीडपट जाड, पण तेवढ्याच लांबीत तेवढेच फेरे दिले तर तिचा जोर पाचपट. म्हणजे बारीक लाइनवर मोठं, स्वस्त स्विव्हल नुसतं लटकून राहतं. त्यात ताण वाढला की साध्या स्विव्हलमधलं घर्षणही वाढतं; बॉल बेअरिंगवाल्यात ते कमी असतं. लांबीचाही संबंध आहे. लीडर, म्हणजे स्विव्हलपासून गळापर्यंतचा लाइनचा तुकडा, जितका लांब, तितके तो जास्त फेरे पोटात घेतो आणि स्विव्हल उशिरा हलतं. वॅकी आणि ड्रॉप शॉटला मी गळापासून ४० ते ६० सेंटिमीटरवर, मिळेल तितकं लहान बॉल बेअरिंग स्विव्हल बांधतो. लीडर शक्यतो मुख्य लाइनपेक्षा थोडा जाड, म्हणजे स्विव्हलला फिरवायला जोर मिळतो. त्याहून लहान लीडर ठेवला तर वर्मच्या अगदी जवळ लोखंडाचा तुकडा येतो, आणि निवळ पाण्यात ते मला पटत नाही.