दीडशे सीसीची गाडी, मोठ्या गाड्यांचा ट्रॅक

(दृश्य : उद्यमबाग, बेळगाव. लेथचं वर्कशॉप. वाइसमध्ये आवळलेला ऑइलचा ड्रेन बोल्ट.)

बेळगावात फाउंड्री आहे, लेथ आहे, हवा तो पार्ट करून देणारा फिटर आहे. रेसट्रॅक तेवढा नाही. खानापूर, निपाणी, चिक्कोडीच्या रायडरला गाडी पिकअपमध्ये बांधून कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे गाठावा लागतो, नाहीतर चेन्नईच्या अलीकडचा इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक. एका बाजूचा प्रवास आठशे किलोमीटरच्या आसपास. म्हणून ट्रॅकवर निघण्याआधी गाडीचं काम इथंच उरकायचं.

सुरुवात इंजिनातलं ऑइल काढायच्या ड्रेन बोल्टपासून. तो ट्रॅकवर सैल होऊन ऑइल सांडू नये म्हणून तारेनं बांधायचा. डोक्यात दीड मिलिमीटरचं भोक आरपार पाडायचं. ड्रिल मोडतं ते पलीकडं बाहेर पडताना, तेव्हा शेवटी दाब हलका ठेवा आणि ड्रिलवर ऑइल सोडत राहा. भोकातून ०.८ मिलिमीटरची स्टेनलेस तार ओवून, पिळून इंजिनाच्या न हलणाऱ्या भागाला बांधायची. तारेचा ताण बोल्ट आवळण्याच्याच दिशेनं हवा. उलटा पडला तर तार बांधून उपयोग नाही. कूलंट काढून डिस्टिल्ड वॉटर भरा. कूलंटमधलं ग्लायकॉल डांबरावर सांडलं की मागून येणारा घसरतोच. आरसे, साइड स्टँड काढा, दिव्यांना टेप लावा.

मग स्प्रॉकेट, म्हणजे चेनची दातेरी चाकं. यामाहाच्या आर१५ला पुढं १४, मागं ४८ दाते. पुढचा एक दाता कमी करणं म्हणजे मागं जवळपास चार वाढवणं, फार मोठी उडी. म्हणून आधी मागचं स्प्रॉकेट एक-दोन दात्यांनी बदलून बघावं. सरळ पट्टा संपता संपता, ब्रेक धरायच्या जागी, सहाव्या गिअरमध्ये आरपीएम लिमिटरच्या (इंजिनाचे फेरे ज्या हद्दीवर रोखले जातात त्या) जरा खाली असावा. आधीच लिमिटर लागला तर गिअरिंग आखूड झालं.

(दृश्य : सरळ पट्टा. केटीएमची आरसी ३९० पुढं निघून जाते.)

१५५ सीसीची आर१५ देते १८.४ पीएस (इंजिनाची ताकद), आरसी ३९० देते त्रेचाळीसच्या वर. सरळ पट्ट्यावर हनुवटी टाकीला टेकवून, कोपरं आत घेऊन वारा कापायचा, एवढंच आपल्या हातात.

खरी लढत वळणात. गाडी किती झुकवावी लागते ते वेग आणि वळणाची त्रिज्या ठरवते. वजन त्या हिशेबात येत नाही. उलट रुंद टायरला त्याच वेगाला जरा जास्तच झुकावं लागतं. ब्रेकिंगचंही तसंच. ताशी १८० किलोमीटरवरून ८० वर यायला मोठ्या गाडीला साधारण ११० मीटर लागले, तर तेवढ्याच जोराच्या ब्रेकवर १२० वरून ८० वर यायला छोटीला ३५ मीटर पुरतात. छोटी गाडी ब्रेक उशिरा धरू शकते ती यामुळंच.

अडचण पुढं येते. मोठ्या गाडीचा रायडर खोल आत जातो, वेग एकदम कमी करतो, गाडी चटकन वळवून उभी करतो आणि थ्रॉटल उघडतो. छोटीची रेषा रुंद, गोल, वेग न मोडणारी. दोन्ही रेषा एपेक्सपाशी, म्हणजे वळणाच्या सगळ्यात आतल्या बिंदूपाशी, एकमेकींना छेदतात. तिथं त्याच्या चाकाला चिकटलात की ब्रेक धरावा लागतो, आणि वळणात गेलेला ताशी दहा किलोमीटरचा वेग भरून काढायला १८ पीएसला अर्धा पट्टा लागतो. म्हणून वळणाआधीच त्याच्या मागं दोन-तीन गाड्यांची जागा सोडायची. तो एपेक्सवर मंद होतो तेव्हा तुमचा वेग टिकलेला असतो. पुढं जायचं ते पुढच्या ब्रेकिंगला, आतल्या बाजूनं, त्याला लवकर दिसेल असं. जोड वळणं लागोपाठ असतील तिथं हे सोपं. लांब पट्टा पुढं असेल तर घाई करू नका, तो लगेच परत पुढं जाणार. नवख्यांच्या गटात वळणात ओव्हरटेक बहुधा बंदच असतं, ते सकाळच्या ब्रीफिंगमध्ये नीट विचारून घ्या.

सरळ पट्ट्यावर मागून मोठी गाडी आली तर बाजूला व्हायला जाऊ नका. मागं वळून बघू नका. रेषा सोडली की मागच्याचा अंदाज चुकतो. वेगात फरक ताशी साठ किलोमीटरचा असतो, त्याला सावरायला वेळ मिळत नाही. निळा झेंडा (मागून वेगवान गाडी येतेय ही खूण) दिसला तरी आपली रेषा सरळ धरून ठेवायची. वाट तो काढतो.