टाके निघाले, तरी आत काय उरतं?

टाके निघाले, जखम भरली, की ऑपरेशन संपलं असं आपण धरून चालतो. पण पोट एकदा उघडलं गेलं, की आत आतडी कुठे चिकटताहेत का, ते कातडीवरच्या रेघेवरून कळत नाही.

पोटाच्या आतल्या भिंतीवर आणि आतड्यांवर पेरिटोनियम नावाचं पातळ, ओलसर आवरण असतं. त्याच्यामुळे सुमारे सहा मीटर लांबीचं लहान आतडं दिवसभर सरकत राहतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. हे आवरण कापलं, भाजलं, कोरडं पडलं, अगदी गॉजने घासलं गेलं, तरी तिथे फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा, चिकट थर जमतो. शरीर तो साधारण तीन दिवसांत विरघळवून टाकतं. मात्र त्या जागेचा रक्तपुरवठा तुटला असेल किंवा जंतुसंसर्ग असेल, तर ही ताकद कमी पडते. मग त्या थरात पेशी शिरतात, कोलॅजनचे धागे तयार होतात, रक्तवाहिन्या आणि नसासुद्धा वाढतात. आतडं आतड्याला चिकटतं, पोटाच्या भिंतीला चिकटतं. चिकटवणाऱ्या या पट्ट्यांनाच आम्ही डॉक्टर ॲडहीजन्स म्हणतो.

पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर बहुतेकांच्या पोटात ती कुठे ना कुठे होतात, आणि बहुतेकांना आयुष्यभर काही त्रासही होत नाही. घाबरू नका. पण एखाद्या पट्ट्याखाली आतडं अडकलं, तर पोट फुगतं, कळा येतात, उलट्या होतात, शौच आणि वायू दोन्ही बंद होतात. हे ऑपरेशननंतर वीस वर्षांनीही होऊ शकतं. त्या वेळी घरगुती उपाय करत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा. स्त्रियांमध्ये गर्भनलिका अशा चिकटण्याने बंद होऊन मूल न राहण्याची शक्यता असते. तिथे कारण ऑपरेशनच असेल असंही नाही. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं) किंवा ओटीपोटातला जुना संसर्गही पुरतो.

मला सर्वांत जास्त खंत वाटते ती दुखण्याबद्दल. पातळ पट्टे सोनोग्राफीत, सीटी स्कॅनमध्ये बहुधा दिसत नाहीत. रिपोर्ट नॉर्मल येतो आणि पेशंटला सांगितलं जातं, 'तुम्हाला काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत.' रिपोर्ट नॉर्मल आहे एवढ्यावरून कुणाचं दुखणं खोटं ठरवू नये.

मग कापून मोकळं का करत नाही? करतो, पण कापलेल्या जागी पुन्हा चिकटतं. म्हणून आतडं अडकलं तरी, ते रक्तपुरवठा तुटून काळं पडण्याची लक्षणं नसतील, तर आधी नाकातून नळी आणि सलाईन लावून वाट पाहतो. अनेकदा ते आपोआप सुटतं.

आणि जुनं ऑपरेशन प्रत्येक डॉक्टरला सांगा. कित्येक बायका सिझेरियन मोजतच नाहीत. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पहिली नळी सहसा बेंबीपाशी घालतात. तिथेच आतडं चिकटलेलं असेल, तर त्याला भोक पडू शकतं. आधी माहीत असेल, तर सर्जन जुन्या व्रणापासून लांब, डाव्या बरगड्यांखालून आत शिरतो.